घोंगडं पोचवणारे आप्पा

आप्पा मगदूम खांद्यावर घडी घातलेलं घोंगडं टाकून मंगळवार पेठेतून निघाले, की दुकानादुकानांतून माणसं पायरीवर यायची. कुणी उगाच पाणी शिंपडायला, कुणी पानाची पिंक टाकायला. आप्पा जवळ आले की सगळे गप्प. ते कोपऱ्यावरून वळले की मग एकमेकांना हळूच विचारायचे, "आज कुणाचं गा?"

घोंगडं कुणाचं, म्हणजे आज समितीतून कोण गेलं. आमच्या पक्षाच्या शहर समितीतून ज्याला काढायचं, त्याचं घोंगडं अध्यक्षांनी स्वतः त्याच्या घरी नेऊन द्यायचं आणि त्याच्या तोंडावर सांगायचं, अशी रीत होती. अध्यक्ष होते आप्पा. रीतही त्यांचीच. आता हे कुणाला सांगितलं तर लोक हसतात. हसू देत बापडे. पुढं राजकारणात मी इतकी माणसं आली-गेलेली पाहिली, की आता मला कशाचंच फारसं काही वाटत नाही. पण खांद्यावर दुसऱ्याचं घोंगडं घेऊन, खाली बघत चाललेले आप्पा मात्र डोळ्यांपुढून हलत नाहीत.

संस्थान जाणार, जाणार म्हणत होते त्या दिवसांत आमचा पक्ष निघाला. त्याचं नाव सांगत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. समितीत एक तरी बाई पाहिजे असं कुणाच्या तरी मनात आलं आणि मुलींच्या शाळेत शिकवणारी, चारचौघांत तोंड उघडणारी म्हणून मला धरून आणलं. बैठक तालमीच्या माडीवर. खाली पैलवान, वर आम्ही. दुपारी आखाडा रिकामा असायचा, पण तांबड्या मातीचा आणि तेलाचा वास जिन्यानं वर यायचा तो यायचाच. खुर्च्या नव्हत्या. ज्यानं त्यानं आपलं घोंगडं घरून आणायचं, त्यावर बसायचं, बैठक झाली की घडी घालून भिंतीशी ठेवून जायचं. पहिल्या दिवशी माझ्यासाठी कुठून तरी एक खुर्ची पैदा केली होती. मी म्हटलं, सगळे खाली आणि मी एकटी वर बसून काय कीर्तन करू? पुढच्या रविवारी मीही घोंगडं घेऊन गेले. आप्पांनी ते बोटांत धरून चोळून पाहिलं आणि म्हणाले, "लोकर चांगली हाय. बाईंच्या घोंगड्यावर कुणी पाय द्याचा न्हाय." झालं. तेवढ्यावर माझी जागा पक्की झाली.

आप्पा मूळचे कुरुंदवाडकडचे, जैन शेतकऱ्याच्या घरातले. गुळाची अडत कोल्हापुरात, म्हणून पेठेत बिऱ्हाड. हाडापेरानं मोठा माणूस. कुजबुजले तरी खालच्या आखाड्यात ऐकू जायचं, त्यामुळं त्यांच्यापाशी कुठलंही गुपित राहायचं नाही. चष्मा नसला की समोरचं माणूस ओळखू यायचं नाही, मग भेटेल त्याला 'पावणं' म्हणायचे. एकदा सख्ख्या मेव्हण्याला, "कुठलं पावणं म्हणायचं?" असं विचारून बसले. तो मेव्हणा पुढं वर्षभर त्यांच्या घरची पायरी चढला नाही. रागावले की तोंडातून कानडी यायचं. ते आम्हांला कुणाला कळायचं नाही, त्यामुळं भांडण वाढायचं नाही. मला वाटतं, म्हणूनच ते कानडीत रागावायचे.

आणि दुसरं म्हणजे जेवण. दिवस मावळायच्या आत जेवायचं, नाहीतर उपाशी झोपायचं, हा घरचा धर्म त्यांनी कधी मोडला नाही. म्हणून बैठका दुपारच्या. ज्यांना आप्पांचं म्हणणं मोडून काढायचं असे ते बरोबर ऊन उतरायला लागलं की भाषणाला उभे राहायचे. आप्पांचं लक्ष पश्चिमेच्या खिडकीकडे, वक्त्याचं लक्ष आप्पांकडे. मी कितीदा तरी बोलणाऱ्याला म्हटलं, अहो आवरा, माणूस उपाशी राहील. आप्पा मलाच दटावायचे, "बोलू द्या की बाई. त्येच्या पोटात दुखतंय, माझ्या पोटाचं काय एवढं." मग अंधारून आलं की घरी जाऊन नुसतं पडायचे. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. आक्का मला म्हणायच्या, "ह्यांच्या पक्षानं आणि काय केलं मला म्हाईत न्हाय, पर ह्यांना उपास लई घडवलं."

माणूस काढायचा अधिकार अध्यक्षाला असावा, हे नियमावलीत घालायला लावलं ते आप्पांनीच. पहिली समिती म्हणजे नुसता बाजार होता. कोण येतंय, कोण बोलतंय, कशाचा कशाला मेळ नाही. माडीवर मान डोलवायची आणि खाली उतरून ठरलेलं मोडायचं, वर मिशीला पीळ द्यायचा. नियम करायला बसलो तेव्हा आप्पा म्हणाले, जो ठरलेलं मोडील त्याला काढायची सत्ता अध्यक्षाच्या हातात पाहिजे.

समितीत एक तरुण वकील होते. नुकतेच पुण्याहून शिकून आलेले, बोलणं स्वच्छ, कपडे त्याहून स्वच्छ. ते उठून म्हणाले, "आत्ता कुठं राजाचा हुकूम संपतोय आणि तुम्ही दुसरा राजा बसवताय? एका माणसाच्या हाती हे देता कामा नये."

"खरं हाय तुमचं," आप्पा म्हणाले. "पर सगळ्यांनी मिळून काढायचं म्हटलं तर कोण कुणाला काढतंय? उद्या बाजारात एकमेकांची तोंडं बघायची असत्यात. सगळी माना खाली घालून बसतील. हे वाईट काम हाय वकीलसाहेब. वाईट काम एकाच्याच गळ्यात बांधलेलं बरं."

"आणि तो एक उद्या वाटेल त्याला काढायला लागला तर?"

आप्पा खिडकीबाहेर बघत बसले. दिवस बराच वर होता, म्हणजे जेवणाचा विचार नसणार. मग म्हणाले, "मग त्याला ते सोपं जाऊ द्याचं न्हाय. ज्याला काढायचं त्येच्या घरी जायाचं. बसायचं. तोंडावर सांगायचं, तुला का काढलं ते. सांगितलं न्हाय तवर काढलं असं धरायचं न्हाय. लिवा."

आप्पांच्या शेजारी दत्तोबा बसले होते. ते म्हणाले, "आणि त्येचं घोंगडं बी तूच नेऊन द्याचं. तुझ्या खांद्यावरनं. पेठेला दिसू दे की, अध्यक्ष काय काम करतोय ते."

सगळे हसले. दत्तोबांनी ते गमतीत म्हटलं होतं आणि नियमावलीत ते कुणी लिहिलंही नाही. पण आप्पांनी ते मनावर घेतलं.

दत्तोबांचं मंगळवार पेठेत सायकलचं दुकान, आणि घर माझ्या घरासमोर. बारीक अंगाचा, काळासावळा, सदा हात काळे झालेला माणूस. चळवळीच्या दिवसांत पोलीस मागं लागले तेव्हा हे दोघं कुरुंदवाडकडं नदीकाठच्या उसाच्या फडात लपून राहिले होते. थंडीचे दिवस, दोघांत एकच घोंगडं, ते दत्तोबांचं. एक जण झोपला की दुसऱ्यानं जागायचं, असं ठरवलं होतं म्हणे. पण दोघंही थंडीनं जागेच राहायचे. ते घोंगडं तसंच पुढं तालमीच्या माडीवर आलं. बाकी प्रत्येकाचं वेगळं. आप्पा आणि दत्तोबा मात्र त्या एकाच घोंगड्यावर बसायचे, डाव्या अंगाला अध्यक्ष आणि उजव्या अंगाला दत्तोबा. आप्पांना वेगळं घोंगडं घेऊन देऊ म्हटलं तर म्हणायचे, "कशाला? ह्येच्यात माझी जागा हाय की."

पहिलं घोंगडं पोचलं ते हिंदुरावांचं. हिंदुराव एके काळी कुस्त्या करायचे, बैठकीतही त्यांना कुस्तीच वाटायची. एकदा त्यांनी वकिलांच्या गळ्यातला पंचा धरला आणि आप्पांनी ठरवलं की बास. पेठेतली माणसं म्हणाली, आज आप्पा मार खाऊन येणार. आप्पा गेले, ओसरीवर बसले, घोंगडं मांडीवर. हिंदुरावांना कळेना की अध्यक्ष घोंगडं घेऊन का आलेत. त्यांनी आत हाक दिली, च्या टाका म्हणून.

"च्या मागनं," आप्पा म्हणाले. "आदुगर सांगतो, मग च्या. न्हायतर हिंदुरावाचा च्या पिऊन हिंदुरावालाच काढला, असं हुईल." आणि मग स्वच्छ सांगितलं. हिंदुरावांनीच पुढं मला हे सांगितलं. म्हणाले, "बाई, हात उचलायला झालता माझा. पर त्यो बाबा घोंगडं असं मांडीवर धरून बसलावता, जणू काय बारशाला आलाय. कुणावर उचलायचा हात?" चहा मात्र त्यांनी दिला. आप्पांनी तो सगळा प्याला, बशीत उरलेलासुद्धा. त्यानंतर हिंदुराव रस्त्यात भेटले तर आप्पांना रामराम करत. समितीत असताना कधी केला नव्हता.

असे मधूनमधून काही जण गेले. कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लावून घेतलं. दार लावलं तर आप्पा ओट्यावर बसून राहायचे, दार उघडेपर्यंत. मी एकदा विचारलं, तुम्हांला ह्याचा त्रास होत नाही का? म्हणाले, "हुतोय की. हुयालाच पायजे. न्हाय झाला तर मला काढा."

मारुतीची गोष्ट मात्र वेगळी झाली. मारुती इचलकरंजीला मागाच्या कारखान्यात कामाला, पाळ्या संपवून आठवड्यातून एकदा घरी यायचा. बैठकीला यायचं कबूल करायचा आणि यायचा नाही, आणि आला की झोपायचा. कामानं पिचलेला माणूस, त्याचा काय दोष. पण समितीत इतर कुरकुरायला लागले, तेव्हा आप्पा त्याचं घोंगडं घेऊन गेले. घरात मारुती नाही, त्याची बायको एकटी. तिला काय सांगणार? आप्पांनी घोंगडं तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "मालक आलं की मला गाठ घ्याला सांगा."

त्या पोरीला काय वाटलं, तर माडीवर घोंगडं मळलंय, इतकं मळलंय की अध्यक्षांना स्वतः घेऊन यावं लागलं. ती लाजेनं मेली. तिनं रिठे भिजवले, घोंगडं नदीवर नेऊन बडवलं, वाळवलं, कडेचे सुटलेले धागे ओवले. रविवारी मारुती घरी आला तो घोंगडं घेऊन सरळ माडीवरच. पांढऱ्या काठाचं ते स्वच्छ घोंगडं त्यानं सगळ्यांच्या मधोमध अंथरलं आणि हात जोडून म्हणाला, "आप्पा, तुमी एवढं मोठं माणूस, आणि घोंगडं धुयाचं हाय म्हणून घरी आणून दिलासा. बायको म्हटली, आता एक बैठक चुकवायची न्हाय."

माडीवर सगळ्यांना खरं काय ते ठाऊक होतं. सगळे आप्पांकडे बघायला लागले. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बस," म्हणाले, "झोप आली तर भिंतीला टेकून बस."

खाली उतरताना वकील म्हणाले, "आप्पा, हे नियमात बसत नाही. तुम्ही त्याला काढलंय."

"सांगितलंय कुठं त्याला? सांगितल्याबिगर काढल्यात धरत न्हाय. तुमच्याच हातानं लिवलंय न्हवं?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या पोरीनं एवढ्या मायेनं धुतलंय वं. त्येच्यावर काय बोलायचं मी?" मारुती त्यानंतर झोपत झोपत का होईना, पण येत राहिला. आणि वकिलांच्या मनात ती गोष्ट राहिली.

वर्षं गेली. संस्थान जाऊन मुंबई राज्य आलं, पक्षाला निवडणुकांची सवय लागली, तशी पक्षाची तब्येत बिघडली. पूर्वी माणसं एकमेकांशी भांडायची, आता ती एकमेकांना बघून बोलायची थांबायला लागली. माझाही बैठकीला जायचा उत्साह कमी झाला होता. जायचं म्हणून जायचं.

अशात नगरपालिकेची निवडणूक आली. समितीनं पेठेतून एक उमेदवार ठरवला. माडीवर दत्तोबांनीही हात वर केला. आणि मग त्यांचा सख्खा पुतण्या अपक्ष उभा राहिला. दत्तोबा उघड उघड त्याच्या बाजूनं फिरले. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सायकलची हवा भरता भरता सांगायचे, आमच्या पोराला मत द्या. आमचा उमेदवार पडला. पुतण्याही पडला, ते सोडा.

पुढच्या बैठकीला दत्तोबा आले आणि घोंगड्याच्या उजव्या अंगाला नेहमीसारखे बसले. वकील उभे राहिले. "हिंदुरावांना काढलं ते एका पंच्यासाठी. इथं तर ठरलेलं भर बाजारात मोडलंय. अध्यक्षांचा नियम फक्त परक्यांसाठी आहे का, एवढंच विचारायचंय." एवढं बोलून खाली बसले. ऊन उतरायचीही वाट त्यांनी पाहिली नाही.

आप्पा म्हणाले, "नियम सगळ्यांस्नी हाय." दत्तोबा शेजारीच होते. दोघांनी मिळून घोंगड्याची घडी घातली, एक टोक ह्यानं, एक त्यानं, आणि भिंतीशी ठेवली.

मग सुरू झाले आप्पांचे हेलपाटे. माझ्या खिडकीतून दत्तोबांचं दार दिसायचं. आप्पा घोंगडं घेऊन यायचे, आत जायचे, बराच वेळ आतून दोघांच्या हसण्याचा आवाज यायचा, आणि मग आप्पा घोंगडं तसंच खांद्यावर घेऊन बाहेर यायचे. दत्तोबांच्या बायकोला आम्ही वैनी म्हणायचो. त्यांच्या घरी मटण शिजायचं, म्हणून आप्पांसाठी त्यांनी एक पातेलं वेगळं ठेवलं होतं, वरच्या फळीवर, कशाला शिवू न देता. त्यात आप्पांपुरता वरण-भात व्हायचा. आप्पा जेवून परत जायचे. ज्या माणसानं आधी सांगितल्याखेरीज कुणाचा चहा घेतला नाही, तो इथं जेवून यायचा. पेठेत माणसं उघड हसायला लागली. भिजत घोंगडं म्हणायला लागली. पोरं सायकलवरून जाताना ओरडायची, "आप्पा, आज तरी देताय का?"

एक दिवस आप्पा माझ्या दारात उभे राहिले. घोंगडं खांद्यावर होतंच. इतके दमलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "बाई, चला माझ्यासंगट," म्हणाले. "एकट्यानं जमंना झालंय मला."

"आप्पा, सोडून द्या," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं. "नियम तुमचा, तुम्हीच मोडा. कोण फाशी देणार आहे?"

"मोडला असता वं. पर मग हिंदुरावाचं काय? त्येच्या घरी जाऊन त्येला तोंडावर सांगितलं मी. आता त्येला काय सांगू, तू माझ्यासंगट फडात न्हवतास म्हणून काढला?"

मी त्यांच्याबरोबर गेले. दत्तोबा ओसरीवर सायकलची साखळी रॉकेलात धूत बसले होते. मला बघितलं आणि त्यांना कळलं. हात पुसले. वैनी आतून म्हणाल्या, "आलासा? पातेलं ठेवलंय बगा चुलीवर." आप्पा बसले. घोंगडं मांडीवर. दत्तोबा समोर. मी भिंतीकडे बघत बसले.

"पुतण्या कसा हाय?" आप्पांनी विचारलं.

"बरा हाय. दुकानात बसतोय."

ओसरीवरचं ऊन सरकत सरकत पायरीवर गेलं. आप्पा एकदा घोंगड्याच्या काठाला हात लावत, एकदा चष्म्याला. खरं सांगते, मला वाटलं उठावं आणि निघून जावं. त्या नियमाचा, त्या पक्षाचा, सगळ्याचा वीट आला मला.

शेवटी दत्तोबाच बोलले. "आप्पा, दिवस मावळाय लागलाय. सांगून टाक आणि घरला जाऊन जेव. उपाशी ऱ्हाशील."

आप्पांनी मान वर केली. त्यांचा तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "दत्तू," म्हणाले, "समितीनं ठरवलेलं तू बाहेर मोडलंस. हात वर करून मोडलंस. तुला मी काढलंय."

"बरं," दत्तोबा म्हणाले.

आप्पांनी घोंगडं पुढं केलं. दत्तोबांनी दोन्ही हातांनी घेतलं. आत वैनींनी चुलीवरचं पातेलं उतरवून खाली ठेवल्याचा आवाज आला. या म्हणून त्या बाहेर आल्या नाहीत, जेवा म्हणून कुणी म्हटलं नाही. दत्तोबांनीच मघाशी 'घरला जाऊन जेव' म्हटलं होतं, ते आप्पांच्या आणि माझ्या दोघांच्याही तेव्हा लक्षात आलं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा दिवे लागायला लागले होते. आप्पांना वेळेत घर गाठता आलं नाही. आक्का सांगत होत्या, त्या दिवशी ते उपाशीच झोपले, आणि दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत नको म्हणाले.

पुढच्या रविवारी माडीवर आप्पा नुसत्या फळ्यांवर बसले. त्यांचं असं घोंगडं कधी नव्हतंच ना. मारुतीनं आपलं सरकवलं, मी माझं देऊ केलं. कुणीतरी बाजारातून नवं कोरं आणून ठेवलं. आप्पांनी ते घडी न मोडता बाजूला केलं. "असू द्या. बरं वाटतंय मला," म्हणाले. काय बरं वाटत होतं देव जाणे. गुडघे धरून उठायचे. पण त्यानंतर अध्यक्ष होते तोवर ते फळ्यांवरच बसले, आणि त्यानंतर त्यांनी कुणालाही काढलं नाही. त्याचाही पक्षाला उपयोग झाला नाही. कुणी काढत नाही म्हटल्यावर जो तो आपापल्या मनाचा झाला.

शेवटी अध्यक्ष बदलले. वकील अध्यक्ष झाले. आता ते तरुण नव्हते. त्यांनी माडीवर खुर्च्या आणल्या आणि नियमात एक दुरुस्ती मांडली. काढायचा अधिकार अध्यक्षाकडंच राहील, फक्त घरी जाऊन समक्ष सांगायची अट निघेल, टपालानं कळवलं की पुरे. एके काळी ह्याच माणसानं राजा नको म्हटलं होतं. मी उठून ते बोलून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तेव्हा कामं कमी होती."

आप्पा विरोधात बोलले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज खालच्या आखाड्यापर्यंत गेला. "टपालानं काढाय लागलासा तर दमणार कधी तुमी? दमला न्हाईसा तर थांबणार कधी?" खुर्च्यांवरची माणसं ऐकत होती, काही हसत होती. हात वर झाले. दुरुस्ती मंजूर झाली. विरोधात हात आप्पांचा, माझा, आणि जागा झालेल्या मारुतीचा.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. आप्पा बाहेर गुळाच्या बाजारात नव्या अध्यक्षांविरुद्ध बोलतात अशी तक्रार आली. बोलत होतेच, त्यांना हळू बोलता येत होतं कुठं? टपालानं पाकीट आलं. आक्कांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, ह्यांना जरा समजवा. सकाळपासनं ओट्यावर बसून हायेत. चहाचं आदण उतरू देईनात. म्हणत्यात, वकीलसाहेब सांगाय येतील. आल्यावर त्यांना च्या द्याला पायजे."

आप्पा ओट्यावर स्वच्छ धोतर नेसून बसले होते. पाकीट शेजारी. मी म्हटलं, "आप्पा, आता कुणी यायचं नाही. नियम बदललाय. तुमच्यासमोर बदललाय."

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "पर येतील. एवढी वर्सं एका माडीवर बसलोय, तोंडावर सांगाय येतीलच की." मला तिथं बसवेना. संतापही येत होता आणि रडूही. वकिलांकडे जाऊन त्यांना चार शब्द सुनवावेत म्हणून मी उठले. ऊन उतरायला लागलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी आले आणि बघते तर दुकानांतून माणसं पायरीवर आलेली. सगळी गप्प. रस्त्यानं दत्तोबा येत होते. म्हातारे झाले होते, एका हातात काठी, आणि खांद्यावर घडी घातलेलं ते जुनं घोंगडं. मला बघून थांबले नाहीत. "पाकीट आलंय म्हणं आप्पाला," एवढं चालता चालता म्हणाले आणि पुढं गेले. मग मी वकिलांकडे गेले नाही. मागं वळून तिथंच कोपऱ्यावर उभी राहिले.

दत्तोबा ओट्यापाशी गेले. चष्मा नव्हता वाटतं, कारण आप्पा कपाळावर हात धरून बघत होते. "कोण पावणं?" त्यांचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला, आणि पेठ इतकी गप्प होती की दत्तोबांचाही.

"मी हाय गा. तुझं घोंगडं पोचवाय आलोय."

दत्तोबांनी घोंगडं ओट्यावर उलगडलं, उजव्या अंगाला टेकले, काठी शेजारी ठेवली. आप्पा सरकत सरकत डाव्या अंगाला आले. आक्का दारात आल्या, दत्तोबांना बघून त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि आत वळून चहा गाळायला निघाल्या असाव्यात, कारण आप्पांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"च्या मागनं," आप्पा म्हणाले. "आदुगर सांग."

दत्तोबांनी एकदा घसा खाकरला. "आप्पा," ते म्हणाले, "तुला काढलंय."

"बरं," आप्पा म्हणाले. मग मोकळ्या गळ्यानं आत हाक दिली, "अगं, दोघांचं पान बी वाढ. दिवस हाय अजून."